रांगेत उभी पोरं: एका ओपन स्पेसचं खेळाचं मैदान कसं झालं

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं एक तालुक्याचं गाव. गावाचं, वार्डाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम देत नाही, बाकी जसं घडलं तसं सांगते. मी लँडस्केपचं काम करते आणि नगरपरिषदेनं मला डिझाइनसाठी बोलावलं होतं.

जागा म्हणजे जुन्या एनए (बिनशेती) लेआउटमधली ओपन स्पेस, प्लॉट पाडताना सगळ्यांसाठी मोकळी सोडलेली, साधारण वीस गुंठे, लांबट, दोन बाजूंना बंगले, पुढं रस्ता आणि मागं नाला. कंपाउंड होतं, गेट होतं, कडेनं पेव्हर ब्लॉकचा वॉकिंग ट्रॅक होता, एका कोपऱ्यात ओपन जिम आणि दुसऱ्या कोपऱ्यात फायबरचं मल्टिप्ले, म्हणजे शिडी-घसरगुंडीचं एकत्र उपकरण, त्याच्या शेजारी दोन झोके आणि एक सी-सॉ. मधली सगळी जागा मोकळी, मुरमाची. गेटजवळच्या भागात गणपतीत आणि नवरात्रात मांडव पडतो. नाल्याच्या कडेला करंज आणि कडुनिंबाची मोठी झाडं, सावली चांगली. थोडक्यात कुठल्याही गावात दिसते तशी बाग, वाईट नाही, पडीकही नाही.

तक्रार आली ती वार्डातल्या नगरसेवकांकडून, आणि ती मनापासून होती. एवढा खर्च केला तरी पोरं मोबाइल घेऊन कठड्यावर बसतात, काहीतरी नवीन बसवा म्हणजे खेळतील, असं त्यांचं म्हणणं. आजूबाजूच्या आयांचंही तेच. शाळेत पीटीचा तास असतो पण सहामाही जवळ आली की त्यात गणित शिरतं, घरी आल्यावर क्लास, त्यामुळं संध्याकाळचा जो काय तास-दीड तास मिळतो तोच खरा अंगात घाम यायचा वेळ. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या पोरांना रोज सरासरी ६० मिनिटं दमछाक होईल अशी हालचाल हवी, आणि २०१६ पर्यंतच्या आकडेवारीवर केलेल्या जागतिक अभ्यासात ११ ते १७ वयातल्या ८१ टक्के पोरांची तेवढी होत नव्हती, त्यात मुलींचं प्रमाण मुलांपेक्षा वाईट. म्हणजे प्रश्न या एका बागेचा नाही, पण सोडवायचा तर एकेका बागेतच सोडवावा लागणार.

नेमका प्रॉब्लेम काय होता

नवीन काही घ्यायच्या आधी पोरं इथं काय करतात ते मोजू, एवढीच माझी पहिली अट होती. मैदानावरची हालचाल मोजायची सोप्ले नावाची एक पद्धत आहे, अमेरिकेत शाळांच्या मैदानांसाठी तयार झाली. ठरावीक वेळानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवायची आणि त्या क्षणी प्रत्येक पोर काय करतंय ते लिहायचं: बसलंय किंवा उभं आहे, चालतंय, की पळतंय-चढतंय. मुलं आणि मुली वेगळ्या मोजायच्या. कागद, पेन आणि घड्याळ एवढंच लागतं. कॉलेजच्या दोन मुलांना बसवून आम्ही हे शाळेच्या दिवशी आणि रविवारी, दोन्ही वेळा केलं.

त्यात जे दिसलं त्यानं सगळ्या चर्चेची दिशाच बदलली. बागेत पोरं कमी नव्हती, भरपूर होती. पण कुठल्याही क्षणी बघा, निम्म्याहून जास्त उभी असायची, आणि ती कंटाळून उभी नव्हती, नंबर लागायची वाट बघत उभी होती. मल्टिप्लेला शिडी एक आणि घसरगुंडी एक. चढायला काही सेकंद, घसरायला त्याहून कमी, आणि मग परत रांग. झोके दोन, त्याभोवती सहा-सात जण. सी-सॉचा एक दांडा वाकलेला. म्हणजे उपकरणानं पोरांना हलवायच्या ऐवजी थांबवूनच ठेवलं होतं, आणि थांबलेल्या पोराच्या हातात मोबाइल आला तर त्यात त्या पोराचं काय चुकलं?

दुसरी गोष्ट मधल्या जागेची. पाच वाजले की मोठी पोरं टेनिस बॉलचं क्रिकेट मांडायची, स्टंप बरोबर मधोमध, त्यामुळं वीस गुंठ्यातलं जवळजवळ सगळं मोकळं मैदान दहा-बारा जणांकडे. त्यातही फलंदाज, बॉलर आणि एखाददुसरा फिल्डर सोडला तर बाकीचे उभेच. लहान पोरं बॉल लागेल म्हणून कडेकडेनं जायची. आणि मुली... साधारण चौथी-पाचवीपर्यंतच्या मुली झोक्यापाशी दिसायच्या, त्यापुढच्या जवळजवळ दिसायच्याच नाहीत, आल्या तर दोघी-दोघी ट्रॅकवर चालायच्या किंवा भिंतीला टेकून गप्पा मारायच्या. एका सहावीतल्या मुलीला विचारलं तर म्हणाली, "मधे दादालोक असतात, आम्ही गेलो की हसतात." एवढंच बोलली, पण डिझाइनच्या दृष्टीनं त्या दिवसभरातली सगळ्यात कामाची माहिती तीच.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. व्हिएन्नात नव्वदच्या दशकात झालेल्या पाहणीत दिसलं होतं की नऊ-दहा वर्षांच्या पुढं मुली बागांमधे यायच्या एकदम कमी होतात, मुलांचं तसं होत नाही. तिथं मग १९९९ मधे पाचव्या जिल्ह्यातल्या दोन बागा बदलल्या, एका मोठ्या मोकळ्या भागाचे छोटे-छोटे भाग पाडले, पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनसारख्या खेळांना जागा दिली, आणि मुली परत दिसायला लागल्या. जागेवरून भांडायला मुली येत नाहीत, त्या निघून जातात. त्यामुळं तक्रारही कुणाकडे येत नाही, आणि तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं ऑफिसात धरलं जातं.

काय काय पर्याय समोर होते

पहिला अर्थातच मोठं मल्टिप्ले. कॉन्ट्रॅक्टरनं कॅटलॉग आणला होता, तीन मनोरे, दोन बोगदे, चार घसरगुंड्या. दिसायला छान, उद्घाटनाचा फोटो छान, आणि महत्त्वाचं म्हणजे बिल करायला सोपं: एक नग, एक रेट. सगळ्या बागा एकसारख्या का दिसतात याचं उत्तर मला तरी इथंच सापडतं. दरसूचीत (सरकारी कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीत) किंवा कोटेशनमधे जे नगावर मिळतं ते बसतं, आणि मातीचा उंचवटा, उड्या मारायचे ओंडके, वळणाची पायवाट असलं काही कुणाच्या यादीत नसतं म्हणून ते होत नाही. चार घसरगुंड्यांनी रांग थोडी कमी झाली असती हे खरं, पण बाकीचा प्रश्न जागच्या जागी राहिला असता आणि पैसे संपले असते.

दुसरा पर्याय टर्फचा. आता गावोगावी बॉक्स क्रिकेटचे टर्फ झालेत, तासावर भाडं येतं, नगरपरिषदेला उत्पन्न. काही सदस्यांचा यावर जोर होता आणि त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता, कारण देखभालीला पैसे कुठून आणायचे हा खरा प्रश्न आहे. पण मग ज्यांच्या घरी तासाचे पैसे द्यायची ऐपत आहे तेवढीच पोरं आत आणि ओपन स्पेस नावालाच ओपन. यावर मी बैठकीत जरा आवाज चढवूनच बोलले. सगळ्यांच्या लेआउटमधून सोडलेली जागा आहे ती, ती भाड्यानं द्यायची तर निदान गावाला विचारून द्या.

तिसरा, क्रिकेट बंद. "येथे क्रिकेट खेळण्यास सक्त मनाई आहे" असा बोर्ड, मधे लॉन, लॉनवर चालू नये. हा पर्याय ज्येष्ठ नागरिकांना आवडला होता. मला तो सगळ्यात वाईट वाटला, कारण जी दहा-बारा पोरं आत्ता हलतायत त्यांनाही बाहेर काढायचं आणि त्या जागी कुणीच नाही.

चौथा पर्याय आम्ही मांडला. उपकरणं कमी, पळायला-चढायला कारणं जास्त. दुसऱ्या महायुद्धानंतर अ‍ॅमस्टरडॅममधे आल्डो व्हॅन आइक या वास्तुविशारदानं १९४७ पासून पुढच्या तीसेक वर्षात सातशेहून जास्त खेळाच्या जागा केल्या, त्यात काय होतं बघितलं तर वाळूचा खड्डा, कोलांट्या मारायचे लोखंडी बार, उड्या मारायला ठोकळे, चढायला घुमट, बस. महाग काही नाही. आणि कुठल्याही वस्तूला एकच उपयोग नाही, त्यामुळं तिथं नंबर लावायचा प्रश्नच येत नाही. आपल्या आट्यापाट्या, लंगडी, विष-अमृत, डबा ऐसपैस या खेळांचं तेच आहे, त्यांना उपकरण लागतच नाही, फक्त जागा लागते आणि लपायला-चढायला काहीतरी.

या पर्यायाची अडचण एकच, पण मोठी: एस्टिमेट कसं करायचं? इथं खरी मदत झाली ती नगरपरिषदेच्या ज्युनिअर इंजिनियर साहेबांची. मागच्या नाल्याच्या भिंतीचं काम तेव्हा चालूच होतं आणि खोदाईचा मुरूम टाकायला जागा हवी होती. साहेब म्हणाले, मुरूम लांब टाकून यायचा खर्च त्या कामात धरलेलाच आहे, तोच इथं टाकून थरात दाबून घेऊ, उंचवटा फुकटात पडेल. बार आणि माकडशिडीचं (हातानं लटकत पुढं जायच्या आडव्या शिडीचं) काम लोखंडी फॅब्रिकेशन म्हणून किलोवर बसवलं. आखणी, खडी, माती हे सगळं दरसूचीत होतंच, फक्त "खेळाचं साहित्य" या नावाखाली नव्हतं. मुख्याधिकाऱ्यांनी फाइल दोनदा परत पाठवली, तिसऱ्यांदा सही झाली. कॅटलॉगमधल्या मल्टिप्लेच्या किमतीच्या आतच सगळं बसत होतं, हा मुद्दा शेवटी चालला.

केलं काय

सगळ्यात आधी टेकडी. साधारण पाच फूट उंच, नऊ-नऊ इंचाचे थर टाकून पाणी मारून रोलर फिरवलेली, वर काळ्या मातीचा थर आणि पावसाळ्याच्या तोंडावर हरळी. चारी बाजू वेगवेगळ्या ठेवल्या. एक बाजू अगदी सपाट उताराची, बालवाडीतलं पोरही चढेल अशी. एक बाजू उभी, तिथं वरच्या खांबाला बांधलेला जाड नायलॉनचा दोर. तिसऱ्या बाजूला अर्धे पुरलेले ट्रकचे टायर, पायऱ्यांसारखे. या टायरांमधे मुरूम ठासून भरला, कारण रिकाम्या टायरात पावसाचं पाणी साठतं आणि डेंग्यूचे डास तिथंच होतात, कित्येक टायरच्या बागांमधे हे कुणी बघतच नाही. चौथ्या बाजूला, करंजाच्या सावलीत उत्तरेकडे तोंड करून, तीन फुटांहून जास्त रुंद स्टीलची घसरगुंडी, उतारावरच टेकवलेली.

या घसरगुंडीबद्दल जरा सविस्तर सांगते कारण बैठकीत सगळ्यात जास्त वाद तिच्यावरच झाला. शिडी कुठं आहे, असं विचारलं गेलं. शिडी नाहीच. शिडी आली की एक रस्ता आला आणि एक रस्ता आला की रांग आली. टेकडीवर चढायला शंभर रस्ते आहेत, पोर घसरलं की तिथून उठून कुठूनही परत वर पळतं, आणि खरा व्यायाम घसरण्यात नाहीच, परत वर पळण्यात आहे. शिवाय घसरगुंडी जमिनीला लागून असल्यामुळं उंचावरून पडायची भीती जवळजवळ नाही. रुंद असल्यामुळं दोघं-तिघं हात धरून येतात. आणि तोंड उत्तरेकडे, सावलीत, कारण आपल्याकडे एप्रिलमधे दक्षिणेकडे तोंड केलेल्या पत्र्यावर पोरानं बसायचं म्हणजे चटकाच.

मग बार. एका ओळीत तीन उंचीचे, सगळ्यात खालचा कमरेएवढा. आणि थोडं पलीकडं माकडशिडी, दोन्ही टोकांकडून चढता येईल अशी. फॅब्रिकेटर गावातलाच, हुशार माणूस, पण त्याला एक गोष्ट परत परत सांगावी लागली: कुठल्याही दोन पाइपांमधली फट एकतर ८९ मिलिमीटरपेक्षा कमी किंवा २३० पेक्षा जास्त, मधलं काही नको. युरोपच्या एन ११७६ या मानकातली ही मापं आहेत. मधल्या मापाच्या फटीतून पोराचं अंग जातं आणि डोकं अडकतं. त्यानं शेवटी त्या मापाचे दोन लाकडी ठोकळेच करून घेतले आणि प्रत्येक फटीत घालून बघायला लागला.

खाली काय टाकायचं हा पुढचा निर्णय. रबरी फ्लोअरिंगचा दर बघून तो विषय तिथंच संपला, शिवाय उन्हात ते तापतं. मुरूम कडक, चालणार नाही. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, स्वस्त, पण तिच्यात भुकटी असते, दोन पावसात ती दगडासारखी बसते आणि मग तिच्यावर पडलं काय आणि रस्त्यावर पडलं काय. त्याच मानकाप्रमाणं २ ते ८ मिलिमीटरची गोल, धुतलेली, माती नसलेली खडी चालते. दोन मीटरपर्यंतच्या पडण्याला वीस सेंटिमीटरचा थर, वर दहा सेंटिमीटर जादा कारण पोरांच्या पायानं ती हलते, म्हणजे एकूण तीस. माकडशिडीखाली तेवढी टाकली.

मधल्या जागेचा निर्णय सगळ्यात अवघड होता, कारण तिथं माणसांशी बोलायचं होतं. तरुण मंडळाची पोरं पहिल्या बैठकीला रागातच आली. "मॅडम, आम्ही कुठं जायचं मग?" हा त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्याचं उत्तर हातात असल्याशिवाय त्यांना बोलवायचं नाही हे आम्ही आधीच ठरवलं होतं. नाल्याच्या बाजूची लांब पट्टी त्यांना जाळी लावून दिली, मॅटिंगची विकेट, रविवारी सकाळी मधलं मैदानही त्यांचं. बदल्यात रोज संध्याकाळी मधली जागा मोकळी. तिथं खो-खोचे दोन लाकडी खांब, जमिनीतल्या खोबणीत बसणारे आणि काढता येणारे. पूर्ण मापाच्या खो-खोला २७ बाय १६ मीटर लागतात, तेवढी जागा होती. बाजूला आट्यापाट्या आणि लंगडीची आखणी, फक्की मारून. आणि मांडवाची जागा गेटजवळ पेव्हरवर कायमची ठरवून दिली, तिथंच खांबांसाठी पाइप पुरले, नाहीतर दरवर्षी मांडवाचा ट्रक थेट मैदानात येणार आणि खड्डे आपल्या वाट्याला. हे मंडळाला उलट आवडलं, त्यांचा खड्डे खणायचा त्रास वाचला.

जुनं मल्टिप्ले काढलं नाही. दुरुस्त करून गेटजवळ, आज्यांच्या बाकड्यांसमोर हलवलं, ते पाच वर्षांखालच्या पोरांसाठी. आजी आरामात बसली तर नातू जास्त वेळ बागेत राहतो, हे कुठल्याही बागेत बघा. आणि सगळ्यांना जोडणारी एक मुरमाची पायवाट, टेकडीला वळसा घालून बारपासून परत ट्रॅकला मिळणारी, कुठंही न संपणारी. वाट संपली की पोर थांबतं, वाट गोल फिरून आली की ते परत पळतं.

काय झालं

पहिल्या आठवड्यात गर्दी होणारच, त्याला काही अर्थ नाही. इंग्लंडमधे शाळांच्या मैदानांवर रंगीत आखण्या करून हालचाल मोजली गेली तेव्हा ती वाढलेली दिसली, पण नव्याची नवलाई ओसरल्यावर काय उरतं हा प्रश्न अशा प्रत्येक कामात विचारलाच पाहिजे. म्हणून आमची दुसरी मोजणी दिवाळीनंतर, सहामाही संपल्यावर, त्याच पद्धतीनं.

उभी असणारी पोरं स्पष्टपणे कमी झाली होती. टेकडी तर सगळ्यांनी आपापली करून घेतली. घसरगुंडी उलटी चढणं हा तिथला मुख्य खेळ झाला, अनवाणी, हात कडांना न लावता, आणि ते आम्ही अडवलं नाही कारण रुंदी त्यासाठीच होती. शिवाशिवीत टेकडी म्हणजे घर, दोरानं वर पोचलं की आऊट नाही, असले नियम पोरांनीच काढले. एका संध्याकाळी बारपाशी उभी होते तर सातवी-आठवीच्या तीन मुली सगळ्यात खालच्या बारवर गुडघे अडकवून उलट्या लटकत होत्या, वेण्या खडीला टेकलेल्या, ओढण्या कमरेला गच्च बांधलेल्या, आणि चौथी सेकंद मोजत होती. उतरल्या तेव्हा तळहात लाल, त्यांनी ते एकमेकींना दाखवले आणि परत लटकल्या. त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं, कारण बार मैदानाच्या मधोमध नाही, झाडाखाली एका बाजूला आहे, आणि ती जागा आम्ही त्यासाठीच निवडली होती.

खो-खोचं वेगळं झालं. नुसते खांब रोवून मुली आल्या नाहीत. जवळच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षक मॅडम आठवड्यातून दोन संध्याकाळी यायला लागल्या तेव्हा आल्या, आणि मॅडम नसल्या तरी हळूहळू येत राहिल्या. पण ज्या आठवड्यात मॅडम आजारी होत्या त्या आठवड्यात मधे परत स्टंप आले, हेही खरं. पेव्हर, पाइप, खडी यानं जागा होते, पण त्या जागेवर आपला हक्क आहे हे वाटायला कुणीतरी माणूस लागतो, निदान पहिलं वर्ष. क्रिकेटची पोरं जाळीत रुळली, उन्हाळ्याच्या सुट्टीत थोडी कुरबुर झाली ती त्यांच्यात आणि मॅडममधेच मिटली.

वाईटही झालं काही. पायवाटेवर सकाळी चालणाऱ्या काकांचा आणि सायकलवाल्या पोरांचा वाद सुरू झाला. पहिल्या पावसात टेकडीची उभी बाजू धुपली, दोराखालची हरळी टिकलीच नाही, तिथं शेवटी दगड बसवावे लागले. आणि खडी पोरांनी मूठमूठ उचलून सगळीकडे नेली.

हात मोडला तेव्हा

माकडशिडीवरून पडून नऊ वर्षांच्या एका मुलाचा मनगटाजवळ हात मोडला. प्लास्टर लागलं, नंतर बरा झाला. पण दुसऱ्याच दिवशी माकडशिडी काढून टाका असा अर्ज, आणि नगरसेवकांचा फोन. हा सगळ्या कामातला सगळ्यात नाजूक दिवस होता. काढून टाकणं सोपं होतं, आणि सगळ्यांना बरंही वाटलं असतं.

आम्ही आधी जाऊन खडी मोजली. शिडीच्या मधे ती ठीक होती, पण दोन्ही टोकांना, जिथून पोरं उडी मारून पहिला दांडा पकडतात आणि जिथं उतरतात, तिथं थर निम्म्यापेक्षाही कमी उरला होता. पोर पडलं ते तिथंच. म्हणजे दोष शिडीचा नव्हता, देखभालीचा होता. खडी भरून घेतली, आणि प्रत्येक खांबावर पिवळ्या ऑइल पेंटनं पट्टा मारला: खडी या पट्ट्याच्या खाली गेली की भरायची. सफाई कामगारांना रोज फक्त दाताळ्यानं खडी टोकांकडे ओढायला सांगितली, पाच मिनिटांचं काम. त्या मुलाच्या आईशी बोलायला मी आणि इंजिनियर साहेब दोघं गेलो, काय चुकलं आणि काय केलं ते स्पष्ट सांगितलं. शिडी राहिली. मला हा निर्णय आजही बरोबर वाटतो. लटकायची, पडायची थोडी शक्यता नसलेल्या जागेत आठ-दहा वर्षांची पोरं खेळत नाहीत, ती मग कंपाउंडच्या भिंतीवर चढतात आणि तिथं खाली खडी नसते. पण हे बोलायचा अधिकार खडी रोज ओढली जात असेल तरच.

परत करायचं तर

पाणी आणि संडास. हे पहिल्या टप्प्यात नव्हतं, पुढच्या बजेटवर ढकललं गेलं होतं, आणि दुसऱ्या मोजणीत दिसलं की सातवी-आठवीच्या मुली बाकीच्यांपेक्षा लवकर घरी जातात. विचारलं तर कारण हेच. नळ आणि मुलींसाठी बंद होणारा स्वच्छ संडास हे खेळाचंच साहित्य धरायला पाहिजे आणि टेकडीच्याही आधी करायला पाहिजे.

दिवे. उंच खांबावरचा एकच हायमास्ट दिवा मधे असल्यामुळं झाडाखालचा बार साडेसहानंतर अंधारात. क्लास सुटतात सहाला. कमी उंचीचे चार-पाच दिवे त्या बाजूला जास्त कामाचे.

मुलींशी आधी आणि वेगळं बोलणं. सगळ्यांच्या एकत्र बैठकीत त्या बोलल्याच नाहीत, कागदावर चित्रं काढायला दिली तेव्हा त्यांनी बॅडमिंटनचं नेट काढलं होतं आणि ते आमच्या पहिल्या आराखड्यात जागेअभावी बसलं नाही. ओपन जिम तशीच ठेवल्यामुळं ती जागा अडली. मोठ्यांची ती यंत्रं दिवसभर रिकामी असतात आणि संध्याकाळी लहान पोरं त्यांच्या सांध्यात बोटं घालतात, ती ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूला न्यायला हवी होती.

उभ्या बाजूची धूप टाळायला दगड पहिल्या दिवसापासून, आणि टेकडीचं काम मार्चमधेच संपवून पावसाळ्याआधी हरळीला महिनाभर पाणी.

सध्या त्याच नगरपरिषदेच्या दुसऱ्या एका ओपन स्पेसचं एस्टिमेट चालू आहे. त्यात नळ-संडास पहिल्या पानावर आहे, आणि इंजिनियर साहेबांनी शेवटी एक वेगळी ओळ टाकलीय, दरवर्षी खडी भरणे आणि क्रीडाशिक्षकाचं मानधन. या ओळीला स्थायी समितीत मंजुरी मिळते का, त्यावर बरंच अवलंबून आहे. नाही मिळाली तर माकडशिडी कमी उंचीची करायची असं आम्ही आत्ताच ठरवून ठेवलंय.